साडू, सिएना आणि सहा मीटर

जो माणूस पन्नास मैलांवर राहतो, ज्याचा फोन नंबर आपल्याकडे आहे, ज्याने सकाळीच व्हॉट्सअ‍ॅपवर फुलांचं चित्र पाठवलं आहे, त्याच माणसाचा आवाज दुपारी खरखरीतून कसाबसा ऐकू आला म्हणून खुर्चीतून उडी मारणारा गृहस्थ मी पाहिला आहे. तो माझा साडू आहे.

साडू निवडता येत नाही. साडीबरोबर ब्लाउजपीस यावा तसा तो लग्नाबरोबर येतो, आणि रंग जुळतो की नाही हे घरी गेल्यावर कळतं. माझे साडू मूळचे पुण्याचे. आता न्यू जर्सीत एडिसनला असतात, औषधांच्या कंपनीत आकडेमोड करतात, आणि अमेरिकन सरकारने दिलेला हौशी रेडिओचा परवाना त्यांनी देवघराशेजारी फ्रेम करून लावला आहे. हॅम रेडिओ म्हटलं की आपल्याला महापूर, भूकंप आणि अशा वेळी धावून येणारी निःस्वार्थ माणसं आठवतात. तशी ती असतातही. साडूंचा पुराशी संबंध मात्र एकदाच आला. तळघरात पाणी शिरलं तेव्हा त्यांनी आधी रेडिओ वर नेला, मग तांदळाची पिशवी नेली आणि मग मेहुणीला उठवलं.

साडू स्पर्धावाले आहेत. त्यातही व्हीएचएफवाले. अमेरिकन रेडिओ रिले लीग ही १९१४ साली स्थापन झालेली संस्था जानेवारी, जून आणि सप्टेंबर अशा तीन महिन्यांत व्हीएचएफच्या स्पर्धा भरवते. शनिवारी दुपारी दोनला सुरू, रविवारी रात्री अकराला बंद. या तेहेतीस तासांत जास्तीत जास्त लोकांशी संपर्क साधायचा. ऐकायला छान वाटतं. मलाही वाटलं, चला, माणसं एकमेकांशी बोलतात तरी. प्रत्यक्षात पहिल्यांदा शेजारी बसून ऐकलं तेव्हा कळलं की बोलण्याच्या या स्पर्धेत बोलणं हाच वेळेचा अपव्यय समजतात. साडूंनी आपलं संकेतनाम सांगितलं, पलीकडच्याने त्याचं सांगितलं. साडू म्हणाले, "फॉक्सट्रॉट नोव्हेंबर टू झीरो." तो म्हणाला, "फॉक्सट्रॉट माइक टू नाइन." संपलं. कसे आहात नाही, मुलं कुठल्या कॉलेजात गेली नाही, गुडघा काय म्हणतो नाही. मराठी माणूस राँग नंबर लागला तरी याहून जास्त बोलतो.

ती चार अक्षरं म्हणजे पत्ता. १९८० साली इंग्लंडात मेडनहेड या गावी युरोपातल्या व्हीएचएफवाल्यांची बैठक झाली आणि तिथे सगळ्या पृथ्वीचे चौकोन पाडायचं ठरलं. एक अंश अक्षांश, दोन अंश रेखांश, झाला एक ग्रिड. त्यात देश नाही, राज्य नाही, जिल्हा नाही. एडिसनचा ग्रिड एफएन २०. स्पर्धेत एका संपर्काला एक-दोन गुण मिळतात, वरच्या बँडवर थोडे जास्त, आणि एकूण गुणांना गुणायचं ते तुम्हाला किती वेगवेगळे ग्रिड लागले त्या आकड्याने. त्यामुळे साडूंना माणसं नको असतात, चौकोन हवे असतात. कोणी नवीन माणूस भेटला तर ते त्याचं गाव विचारतात आणि मनात अक्षांश-रेखांश काढून त्याची किंमत ठरवतात. आमच्या मराठी मंडळात नव्याने आलेल्या एका जोडप्याला त्यांनी आनंदाने मिठी मारली होती. ते डेलावेअरच्या पार दक्षिण टोकाला घर घेणार होते.

मी दादरचा. तेव्हा एका संध्याकाळी उगाच आपल्याकडचा हिशेब मांडून पाहिला आणि हादरलो. १९ अक्षांशाची रेघ लोअर परळ आणि प्रभादेवी या दोन स्टेशनांच्या मधून जाते. रेघेच्या वर एमके ६९, खाली एमके ६८. म्हणजे दादर, ठाणे, बोरिवली एका चौकोनात आणि कुलाबा, अलिबाग, लोणावळा, पुणे दुसऱ्या! कुलाब्याचा माणूस आणि कोथरूडचा माणूस एकाच घरात राहतात, हे दोघांनाही अजून कोणी सांगितलेलं नाही. सांगूही नये. साडूंना मी सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे विरारहून चर्चगेट लोकल पकडली की रोज जाता-येता ग्रिड बदलतो. नुसत्या पासावर!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पश्चिम रेल्वेच्या गर्दीचा असा हेवा केलेला मी दुसरा माणूस पाहिलेला नाही. न्यूयॉर्कचीही तीच गत आहे. ७४ रेखांशाची रेघ लोअर मॅनहॅटनमधून जाते, त्यामुळे वर्ल्ड ट्रेड सेंटर एडिसनच्या चौकोनात येतं आणि एम्पायर स्टेट बिल्डिंग शेजारच्या.

आता या सगळ्यात अवघड काय, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं, आणि त्या रात्री घरी पोचायला उशीर झाला. थोडक्यात असं की शॉर्टवेव्हची लाट आकाशात उंचावरच्या विद्युतभारित थरांवर आपटून परत येते, म्हणून ती जग फिरते. व्हीएचएफची लाट सहसा सरळ जाते आणि क्षितिज संपलं की अवकाशात निघून जाते. ५० मेगाहर्ट्झची लाट सहा मीटर लांबीची, १४४ ची दोन मीटर. हॅम मंडळी 'सिक्स मीटर', 'टू मीटर' असंच म्हणतात. म्हणजे हा बँड मुळात पंचक्रोशीपुरता आहे. आणि म्हणूनच तो यांना लांब न्यायचा असतो. साडूंच्या रेडिओवर शॉर्टवेव्ह आहे, आकाशातले ते थर साथ देत असले तर थेट भारत लागतो. त्यात त्यांना गम्य नाही. "ते काय, कोणालाही लागतं," म्हणतात. पण टू मीटरवर मेन राज्यातला एखादा लाकूडतोड्या लागला की घरात शिरा होतो.

अँटेनाचं म्हणाल तर ती आपल्या ओळखीचीच आहे. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं ते व्हीएचएफवरच, आणि गच्चीवर चढून "आलं का?" असं ओरडत जो अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा आपण फिरवत होतो त्याला यागी अँटेना म्हणतात. जपानात १९२६ च्या सुमारास यागी आणि उदा या दोघांनी ती जगापुढे मांडली. नाव मात्र एकाचंच राहिलं. पुण्याला चित्र सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून यायचं, असं साडू सांगतात, आणि आपल्या वाड्यातल्या अँटेनाची दिशा ठरवण्याचा मान सातवीपासून आपल्याकडे होता हेही सांगतात. एडिसनमध्ये तो मान त्यांच्याकडून काढून घेण्यात आला आहे. त्यांच्या वसाहतीचा नियम असा की छपरावर काहीही दिसता कामा नये. मग पाच दांड्यांची यागी माळ्यावर गेली. तिथे ती गणपतीच्या मखराला टेकून पडलेली असते आणि दर वर्षी मखराबरोबर चुकून अर्धी खाली येते.

जानेवारीची स्पर्धा याच माळ्याच्या जोरावर होते. ती येते महिन्याच्या उत्तरार्धात, म्हणजे बरोबर संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या हंगामात. वर दिवाणखान्यात काळ्या साड्या नेसून बायका जमलेल्या, हलव्याचे दागिने, बाहेर बर्फ. आणि खालून, जमिनीतून, एक पुरुषी आवाज दर दहा सेकंदांनी तेच वाक्य म्हणतो आहे, कोणीही उत्तर देत नाही, तो पुन्हा तेच म्हणतो आहे. एका नवीन बाईंनी शेवटी वाण घेता घेता हळूच विचारलं, "तुमच्याकडे खाली कोणाला कोंडलंय का?" मेहुणी म्हणाली, "नाही हो, स्वतःहून गेलाय."

पण खरा हंगाम जूनचा. जूनमध्ये साडू तळघर सोडतात आणि रोव्हर होतात. स्पर्धेत हा एक गट आहे: गाडीत रेडिओ घालून हिंडायचं, एका ग्रिडमधून सगळ्यांशी संपर्क करायचा, रेघ ओलांडायची आणि पुन्हा त्याच सगळ्यांशी करायचा. गाव बदललं की जुनी ओळख नवी धरतात. शिवाय ज्या ज्या ग्रिडमधून तुम्ही बोललात तो प्रत्येक ग्रिड तुमच्या गुणाकारात पडतो. वसाहतीच्या नियमात छपराचा उल्लेख आहे, गाडीच्या टपाचा नाही, हे साडूंनी वकिलाच्या बारकाईने वाचून घेतलं होतं. त्यांच्या टोयोटा सिएनाच्या टपावर लाकडी चौकट, तिच्यावर दोन-तीन गोल अँटेना, मधोमध एक यागी. आत मधल्या सीट काढून रेडिओ, बॅटरी आणि केबलचं भेंडोळं. सात माणसांसाठी घेतलेल्या गाडीत दोन माणसं कशीबशी मावतात. दुसरा मी. माझ्याकडे परवाना नाही, म्हणजे वाहन चालवण्याचा आहे आणि तेवढाच त्यांना हवा असतो.

मेहुणी डबे भरून देते. "भाओजी, तुम्ही जाताय ना बरोबर? मग दोन डबे जास्त देते. त्याला हाक मारू नका, नुसता घास पुढे करा, खातो तो." या बाईंनी या माणसाचा जेवढा अभ्यास केला आहे तेवढा लीगनेही केलेला नाही.

ग्रिडच्या रेघा कुठे दिसत नाहीत, त्यामुळे त्या माणसांच्या सोयीने जात नाहीत. ४१ अक्षांश आणि ७४ रेखांश जिथे छेदतात, म्हणजे जिथे चार ग्रिड एकमेकांना टेकतात, ती जागा न्यू जर्सीच्या बर्गन काउंटीत आहे. रोव्हरच्या लेखी ही पंढरी. थोडं पुढेमागे सरकलं की चार ग्रिड पदरात. प्रत्यक्षात तो चांगला सुखवस्तू भाग आहे: कापलेली हिरवळ, दोन-दोन गाड्या, निवांत शनिवार. तिथे रस्त्याकडेला आम्ही थांबतो. टपावर भाल्यासारखी अँटेना, आत दोन सावळे मध्यमवयीन गृहस्थ, एकाच्या हातात मायक्रोफोन, आणि तो मोठमोठ्याने म्हणतो आहे, "फॉक्सट्रॉट नोव्हेंबर थ्री वन!" मग गाडी थोडी पुढे जाते, थांबते, आणि पुन्हा वेगळाच आकडा. समोरच्या खिडकीचा पडदा हलतो. मी असतो तर मीही पोलिसांना फोन केला असता.

पोलीस आला. माझ्या पोटात गोळा. त्याने खिडकीशी वाकून अगदी सभ्यपणे विचारलं, "तुम्ही काय करता आहात?"

हा प्रश्न साडूंना त्यांच्या आयुष्यात फार कमी लोकांनी विचारला आहे. घरात तर कोणी विचारतच नाही. त्यांनी हेडफोन काढला, चेहरा उजळला, आणि मेडनहेडपासून सुरुवात केली. ग्रिड सांगितला, गुणाकार सांगितला, परवाना दाखवला, यागी आणि उदा यांच्यातला अन्याय सांगितला. "बाहेर या, दाखवतो," म्हणून त्याला टपाखाली उभा केला. पोलीस अधूनमधून माझ्याकडे पाहत होता. त्या नजरेत संशय राहिला नव्हता, सहानुभूती होती. शेवटी त्याच्या खांद्यावरचा वायरलेस खरखरला, तेव्हा त्याने इतक्या चपळाईने तो उचलला की पलीकडे बँकेवर दरोडा पडला असता तरी त्याला बरंच वाटलं असतं. आमच्या आधी तोच निघून गेला. "चांगला माणूस होता," साडू म्हणाले, "पण व्हीएचएफची आवड नाही."

पुढचा मुक्काम हाय पॉइंट. न्यू जर्सीचा सर्वांत उंच माथा, उंची साधारण ५५० मीटर. पुणे शहर समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे. ही माहिती साडूंनी मला चढावर पहिल्या गिअरपासून द्यायला सुरुवात केली. "म्हणजे लक्ष्मी रोडवर चप्पल घ्यायला उभा राहिलेला माणूससुद्धा यांच्या सगळ्यांत उंच डोंगरापेक्षा वर असतो." दादरचा माणूस समुद्राला टेकून वाढलेला, त्याने यावर काय बोलावं? पण एवढे शनिवार-रविवार फुकट गेलेले नाहीत. मी म्हणालो, "साडू, आजूबाजूचं सगळंच तेवढं उंच असेल तर रेडिओला त्या उंचीचा काही उपयोग नाही." पुण्याबद्दल इतकं अचूक विधान माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं. पुढचे काही मैल गाडीत शांतता होती.

आणि मग रविवारी सकाळी ते झालं, ज्यासाठी हे लोक वर्षभर जगतात. सिक्स मीटर उघडला.

जमिनीपासून शंभर-एक किलोमीटर उंचीवर, मे ते ऑगस्टच्या दिवसांत, विद्युतभारित कणांचे पातळ ढग अचानक जमतात. जळून गेलेल्या उल्कांमधल्या लोखंड-मॅग्नेशियमची धूळ त्यात असते. हे ढग कधी, कुठे येतील ते कोणालाही खात्रीने सांगता येत नाही, किती वेळ टिकतील तेही नाही. पण ते आले की पंचक्रोशीचा बँड एका उडीत दीड-दोन हजार किलोमीटर जातो. आदल्या दिवशी पेनसिल्व्हेनियातल्या माणसासाठी घसा फोडणाऱ्या साडूंच्या हेडफोनमध्ये एकदम फ्लोरिडा आली. शेजारच्या खोलीतून बोलावं इतकी स्वच्छ. ईएल ९८, ईएल ९६, मग आणखी कोणी, मग तिघे एकदम. साडू उत्तर देतायत, मी नोंदी टाइप करतोय, मेहुणीचा पराठा त्यांच्या तोंडासमोर धरलेला तसाच. मला या छंदातलं ओ की ठो कळत नाही, पण खरं सांगायचं तर माझ्याही अंगावर काटा आला. आपण दोघं न्यू जर्सीतल्या एका टेकाडावर गाडीत बसलोय आणि डोक्यावर कुठेतरी, न दिसणारा, एक आरसा लागलाय. अर्ध्या तासाने तो कोणीतरी काढून घेतला. फ्लोरिडा वाक्याच्या मध्येच गेली. साडूंनी पराठा पाहिला आणि विचारलं, "हा कधी आला?"

पहाटे उल्कांचाही एक खेळ असतो. तुटणाऱ्या ताऱ्याच्या मागे क्षणभर जी रेघ राहते तिच्यावरून लाट परतवायची. बाकीचे लोक तुटता तारा दिसला की इच्छा मागतात. साडू ग्रिड मागतात आणि तो मिळतोसुद्धा.

जुलैत लीगबाहेरची एक स्पर्धा असते, तिच्यात फक्त ५० आणि १४४ मेगाहर्ट्झ चालतात. त्यात उकाड्याशिवाय सांगण्यासारखं काही नाही. ऑगस्टात काही अतिरेकी मंडळी दहा गिगाहर्ट्झच्या थाळ्या घेऊन डोंगरांवर समोरासमोर उभी राहतात. साडू अजून त्या थराला गेलेले नाहीत, मेहुणीने बँक खात्याचा पासवर्ड बदलल्यामुळे.

मधल्या काळात या हंगामावर एक संकट आलं आणि तेही एडिसनच्याच ग्रिडमधून. प्रिन्स्टनचे जोसेफ टेलर यांना १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, रसेल हल्स यांच्याबरोबर, एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जोडीतला पल्सर शोधल्याबद्दल. हे टेलर स्वतः हॅम. अवकाशातून येणारी क्षीण टिकटिक ऐकण्यात आयुष्य गेलेलं. त्यांनी स्टीव्ह फ्रँके यांच्यासह २०१७ मध्ये एफटी८ नावाची पद्धत काढली. संगणक पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीने आपापसांत सूर पाठवतात, कानाला अजिबात ऐकू न येणारा संदेशसुद्धा पडद्यावर उमटतो, आणि माणसाने फक्त क्लिक करायचं. झालं, व्हीएचएफमध्ये तट पडले. आवाजवाले म्हणतात, यात मर्दुमकी कुठे आहे? क्लिकवाले म्हणतात, ग्रिड मिळाला ना? साडू मनाने आवाजवाले आणि कृतीने क्लिकवाले आहेत, म्हणजे बरेचसे मध्यमवर्गीय आहेत. मेहुणीचा मात्र या सुधारणेला विरोध आहे. "पूर्वी ओरडायचा तेव्हा निदान कळायचं, आहे. आता तळघरातून चार-चार तास आवाज नाही. मी मधूनच जाऊन श्वास बघून येते." ज्या माणसाला वैश्विक कोडी सोडवल्याबद्दल नोबेल मिळालं, त्याच्या संशोधनावर इतकी नेमकी टीका स्टॉकहोममध्येही झाली नसेल.

सप्टेंबर म्हणजे गणपती. स्पर्धा दुसऱ्या शनिवार-रविवारी येते आणि कॅलेंडरचा खोडसाळपणा असा की वरचेवर दोन्ही एकमेकांच्या अंगावर येतात. २०२१ मध्ये चतुर्थी १० सप्टेंबरला, शुक्रवारी होती. साडूंकडे दीड दिवसाचा गणपती. विसर्जन शनिवारी दुपारी. स्पर्धा शनिवारी दुपारी दोनला. साडूंनी आदल्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर अतिशय शांतपणे एक प्रस्ताव मांडला. मूर्ती शाडूची आहे, विसर्जन दर वर्षी बादलीतच करतो. बादली कुठेही ठेवता येते. मग ती हाय पॉइंटवर का नको? देवालाही जरा मोकळी हवा मिळेल, आणि आपण एफएन २१ मध्ये असू.

मेहुणी काही बोलली नाही. तिने फक्त वरण वाढायचं थांबवलं.

विसर्जन घरीच झालं. आरत्या मात्र त्या दिवशी ज्या लयीत झाल्या ती लय मी गिरगावातल्या कुठल्याही मंडळात ऐकलेली नाही. मंत्रपुष्पांजलीला साडू घड्याळाकडे पाहत होते आणि खिरापत वाटताना त्यांच्या एका पायात बूट होता. दोनला पाच कमी असताना सिएना गल्लीतून बाहेर पडली. मागच्या सीटवर बॅटरीशेजारी मोदकांचा डबा होता. त्याबाबतीत मेहुणीने स्पर्धेला कधी अडवलेलं नाही.

नंतर नोंदवही संगणकावरून पाठवायची, तिकडे तुमची नोंद समोरच्याच्या नोंदीशी ताडून पाहतात, एखादं अक्षर चुकलं की तो संपर्क बाद. निकाल काही महिन्यांनी येतो. पैशाचं बक्षीस नाही. पुढे आलात तर प्रमाणपत्र. साडूंना एक मिळालं आहे. भिंतीवर परवान्याच्या खाली आहे. त्यांच्या विभागात त्या गटात ते पहिले आले होते. त्या गटात दुसऱ्या कोणी भाग घेतला होता का, हे मी विचारलं नाही. साडूंमध्ये काही गोष्टी विचारायच्या नसतात.

तेव्हा न्यू जर्सीतल्या समस्त मराठी बंधुभगिनींना एक विनंती. जूनच्या दुसऱ्या शनिवारी-रविवारी एखाद्या शांत गल्लीच्या कडेला टपावर लोखंडी जंजाळ मिरवणारी सिएना दिसली, तर घाबरू नका, पोलिसांना बोलावू नका, आणि "काय करताय?" असं तर मुळीच विचारू नका, संध्याकाळ जाईल. जमल्यास घरातून दोन कप चहा तेवढा आणा. टपावरच्या त्या उंचीमुळे ही गाडी कॉफीच्या कुठल्याच ड्राइव्ह-थ्रूमध्ये शिरत नाही, आणि खाली उतरून चहा घ्यायला साडूंना रविवारी रात्री अकरापर्यंत वेळ नसतो.